इंजिन नसलेल्या विमानाच्या मोटरी

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण विमानातून वजा झालेलं इंजिन व्याजासकट घरात जमा होतं, हे ज्याच्या घरात ग्लायडरची मॉडेलं बनतात त्यालाच कळतं. आमच्या पुण्यातल्या गटात साताठ जण आहेत. कुणी गॅलरीला काचा लावून, कुणी सोसायटीच्या सेक्रेटरीला चहा पाजून-पाजून मिळवलेल्या पार्किंगच्या कोपऱ्यात, कुणी मुलगी सासरी गेल्यावर तिच्या खोलीत, असं प्रत्येकानं आपापलं वर्कशॉप थाटलंय. एक अपवाद सोडला, तर यातल्या एकाही वर्कशॉपमध्ये पाचांपेक्षा कमी मोटरी नाहीत. आणि दोनांपेक्षा जास्त ग्लायडरही नाहीत.

आता ज्या मालावर या मोटरी चालायच्या, तो माल बघा. बाल्साचं लाकूड येतं मुख्यतः दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोरमधून. तीन इंच रुंद, तीन फूट लांब आणि अर्धा सूत जाड अशी त्याची पट्टी पंधरा-वीस ग्रॅम भरते. हाताने उडवायच्या ग्लायडरच्या एफ-थ्री-के नावाच्या स्पर्धावर्गात पंखांचा पसारा दीड मीटरपर्यंत चालतो, पण अख्ख्या विमानाचं वजन ६०० ग्रॅमच्या वर जाऊ देत नाहीत. म्हणजे दीड मीटरचं विमान, आणि वजन पाऊण किलोच्याही आत. असं विमान ज्या टेबलावर बनतं, ते टेबल सरकवायचं असेल तर मात्र वॉचमनला आणि त्याच्या भावाला वर बोलवावं लागतं. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात बाल्सा कठीण लाकडांत मोडतो. हे मी एकदा आमच्या सुताराला सांगितलं. तो काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून मजुरी रोजच्या रोज मागून घेऊ लागला.

गटातले सर्वांत ज्येष्ठ म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले काका. त्यांना बँडसॉ घ्यायचा होता, म्हणून सल्लागार या नात्यानं मी बरोबर गेलो. बोहरी आळीतलं दुकान. खिशात नमुन्याला बाल्साचा तुकडा.

"सागवानाला पाहिजे का साहेब?" दुकानदारानं विचारलं.

"नाही, जरा हलकं लाकूड आहे."

"आंबा? फणस?"

काकांनी तुकडा काढून दिला. दुकानदारानं तो तळहातावर घेतला, दोनदा वरखाली करून तोलला, हातात काही आहे याची खात्री करून घेतली, आणि अंगठ्याचं नख टेकवून ओढलं. सरळ रेघ उमटली. त्याच रेघेवरून पुन्हा नख ओढलं आणि तुकड्याचे दोन तुकडे काउंटरवर ठेवले.

"काका, याला मशीन कशाला? नखानं कापतंय."

"नखाला अचूकता नसते हो," काका म्हणाले.

दुकानदारानं एकदा काकांकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. "मग अर्ध्या एचपीचं दाखवू का एक एचपीचं?" धंद्यात मुरलेल्या माणसाला गिऱ्हाईक कुठल्या जातकुळीचं आहे, हे सांगावं लागत नाही.

एक एचपीचं आलं.

काकांशी वाद घालण्यात अर्थ नसतो, कारण त्यांचा इतिहास पक्का आहे. राइट बंधूंच्या डेटनमधल्या सायकलच्या दुकानात इंजिनावर फिरणारा लेथ होता, ड्रिल होतं, पट्ट्यांनी सगळं जोडलेलं होतं, असं ते सुरू करतात. सगळं खरं आहे. फक्त १९०० साली किटी हॉकच्या वाळूत नेलेल्या ग्लायडरचा भाग ते गाळतात. विल्बरला पंखासाठी अठरा फुटी लाकूड हवं होतं. वाटेत कुठंच मिळेना, म्हणून सोळा फुटांवर भागवलं. पंख आखूड झाले, तर आधी शिवून नेलेलं कापड मोठं पडायला लागलं. ते कापून पुन्हा शिवावं लागलं, आणि शिवलं कशावर, तर ज्यांच्या घरी तो उतरला होता त्या टेट कुटुंबाच्या शिवणयंत्रावर. सगळ्या ग्लायडरला सामान लागलं सुमारे १५ डॉलरचं. काम झाल्यावर दोघे भाऊ ते तिथंच सोडून घरी गेले, आणि टेटबाईंनी पंखांचं सॅटीन सोडवून मुलींना फ्रॉक शिवले. भंगाराचीसुद्धा इतकी चोख विल्हेवाट लागलेला ग्लायडर आमच्या गटात अजून झालेला नाही.

बर्लिनच्या ऑटो लिलिएन्थालचा तर स्वतःचा कारखाना होता. बॉयलर आणि वाफेची इंजिनं बनवायचा. आणि हा गृहस्थ १८९१ पासून विलोच्या लवचीक काठ्या आणि सुती कापड यांचे पंख अंगाला अडकवून टेकडीवरून उड्या घेत होता. पुढं तसाच ग्लायडर तो ५०० मार्कांना विकायलाही लागला. इंजिनं गिऱ्हाइकाला द्यायची आणि आपण बिनइंजिनाचं उडायचं, हा त्याचा व्यवहार. आमच्याकडे इंजिनं आपल्याला ठेवायची असतात आणि उडायचं काय ते पुढच्या रविवारी बघू.

हत्यारं निवडण्यातला सगळ्यांत जुना तंटा फेऱ्यांचा. हातात धरून फिरवायचं ते बारकं यंत्र, कुठल्याही कंपनीचं असलं तरी आम्ही त्याला ड्रेमेलच म्हणतो. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या रसीन गावी आल्बर्ट ड्रेमेल यांनी १९३२ साली ती कंपनी काढली. मिनिटाला पाच हजारांपासून पस्तीस हजार फेऱ्यांपर्यंत त्याची मजल असते, आणि पेटीत शंभरावर टोकं, चकत्या, दगड आणि ब्रश येतात. माझं मत स्पष्ट आहे. बाल्सासाठी हे हत्यार पेटीतच शोभतं. तीस हजारांवर फिरणारं टोक पंखाच्या फासळीला नुसतं टेकवलं, तरी हवं होतं त्याच्या दुप्पट भोक पडतं आणि कडेला काजळी धरते. फासळी कसली, तिचा कोळसा. पियानो वायर किंवा कार्बनची सळई कापायची असेल तर मात्र त्याच्या पातळ चकतीला पर्याय नाही. तेव्हा डोळ्याला चष्मा आणि नाकाला मास्क हवाच. कार्बनची धूळ फुफ्फुसात गेलेली बरी नव्हे. आमच्यातले लोक चष्मा लावतात, पण तो कपाळावर.

फेऱ्यांच्या या तंट्यात आमचे दंतवैद्य कधीच पडत नाहीत. हवेच्या दाबावर चालणारं त्यांच्या दवाखान्यातलं हत्यार मिनिटाला तीन लाखांच्या घरात फिरतं. बैठकीत कुणी फुशारकीनं पस्तीस हजारांचा आकडा टाकला की ते फक्त चहाचा कप खाली ठेवतात. पेशंटचं हत्यार विमानाला वापरता का हो, असं कुणीतरी विचारलंच. "उलटं ऐकलंत तर काळजी करा," म्हणाले. गंमत अशी, की गटात सगळ्यांत देखणे ग्लायडर त्यांचे, आणि ते बनतात ब्लेड, पोलादी पट्टी आणि लाकडी ठोकळ्याला चिकटवलेला काचकागद यांवर. दिवसभर मोटर कानाशी असते, घरी तरी नको, एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. ते ऐकून सगळे माना डोलावतात आणि नव्या मशीनच्या किमतीकडे वळतात.

संगणकवाल्या मित्राची निवडीची पद्धत शास्त्रशुद्ध. त्याला स्क्रोल सॉ घ्यायचाय, आणि त्यासाठी त्यानं एक्सेलमध्ये तक्ता केलाय. मोटरीची ताकद, पात्याची खालीवर होण्याची लांबी, पात्यापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर, पातं बदलायला लागणारा वेळ, टेबल किती अंशांत कलतं, सगळ्याला गुण. तक्ता इतका सखोल आहे, की त्यातली पहिली दोन यंत्रं कंपन्यांनी बंदसुद्धा केली. नवी आली की रांगा वाढतात. अधूनमधून तो फोन करून विचारतो, "कंपनाला किती गुण देऊ रे?" मी म्हणतो, "आधी एकदा चालवून बघ." यावर तो म्हणतो, "तो वेगळा रकाना आहे."

वास्तविक त्याला कळायला हवं ते एवढंच. हातात धरायच्या साध्या जिगसॉचं पातं वर जाताना कापतं, त्यामुळे लाकडाच्या वरच्या अंगाचे तंतू उसवतात. टेबलावरच्या स्क्रोल सॉचे दात खाली बघतात, म्हणून वरची बाजू स्वच्छ निघते. पण बाल्साला वजनच नसल्यामुळे पातं वर जाताना तुकडाही त्याच्याबरोबर वर जातो आणि टेबलावर ताशा वाजायला लागतो. मग तुकडा बोटांनी घट्ट दाबून धरावा लागतो. माहितीपत्रकात ही सूचना चौथ्या क्रमांकावर असते, आणि बोटं पात्यापासून लांब ठेवावीत ही पाचव्या.

एकानं हा सगळा घोळ टाळला. त्यानं जुनं शिवणयंत्र घेतलं, सुईच्या जागी बारीक पातं बसवलं आणि पायट्यावर फासळ्या कापायला लागला. खालीवर करायचं काम ते यंत्र कित्येक वर्षं करतच आलं होतं, वेग पायात असल्यामुळे ताबाही उत्तम. कल्पना इतकी चांगली आहे, की मी ती कुणालाही सुचवीन. शिवणयंत्र जुन्या बाजारातून आणावं, एवढीच पुस्ती जोडीन. त्यानं वापरलं ते सासूबाईंचं होतं. त्यानं टेटबाईंचा दाखला देऊन बघितला, पण टेटबाईंना शेवटी दोन फ्रॉकचं कापड तरी मिळालं होतं.

मला कुणी विचारत नाही, तरी सांगतो. एकच मोटर घ्यायची असेल तर ती डिस्क सँडरची घ्यावी. ग्लायडरचे दोन पंख सरळ रेषेत नसतात. पसरट इंग्रजी व्हीसारखे टोकांकडे वर उचललेले असतात, म्हणून विमान एका अंगाला कललं की आपोआप सावरतं. ते पंख मधोमध जोडताना दोन्हींच्या मुळाची कड तंतोतंत सारख्या अंशानं तिरकी घासावी लागते. हातानं घासली की कड गोल होते, सांध्यात फट पडते आणि त्या फटीत माणूस अराल्डाइट भरत बसतो. तिथं वजन वाढतं, आणि विमान वाकडं जन्माला येतं ते वेगळंच. डिस्कचं टेबल तेवढ्या अंशांना कलवून बसवलं की दोन सेकंदांचं काम. त्यालाही महागडं यंत्र लागत नाही. जुन्या वॉशिंग मशीनची साधी इंडक्शन मोटर मिनिटाला चौदाशेच्या आसपास फिरते. तिला एमडीएफची गोल चकती नीट मधोमध बसवून घ्यायची, वर काचकागद चिकटवायचा. लेथवाल्याकडून अडॉप्टर करून आणला की झालं. हे मी बैठकीत सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी टिपून घेतलं आणि त्याच आठवड्यात तिघांनी तयार डिस्क सँडर मागवले. त्यांतल्या दोघांच्या सँडरला बाजूला बेल्टही होता. "जोडीनं स्वस्त पडतं," म्हणाले.

ड्रिलचं थोडक्यात. आमची भोकं एक मिलिमीटरची. बाजारातल्या दणकट ड्रिलची तेरा मिलिमीटरची चक दीडच्या खालचं टोक पकडतच नाही. तरी प्रत्येकाकडे तेरावालंच आहे, कारण ते भिंतीलाही चालतं. भिंती आता सगळ्यांच्या भोकं पाडून झाल्या आहेत.

मोटर आली की धूळ आली. बाल्साची धूळ इतकी हलकी, की ती खाली बसायचं नावच घेत नाही. सकाळी काढलेली धूळ दुपारच्या उन्हाच्या तिरीपेत अजून फिरताना दिसते, आणि रात्री वरणात. मग ती ओढायला व्हॅक्यूम क्लीनर, म्हणजे आणखी एक मोटर. तिचा आवाज बाकी सगळ्या मोटरींपेक्षा मोठा, म्हणून खालच्या मजल्यावरचे गृहस्थ वर येतात. सँडरबद्दल त्यांची तक्रार नसते, सफाईबद्दल असते. पंधरा अँपिअरचा प्लग घरात एकच, तो गीझरचा. त्यामुळे काकांचा बँडसॉ सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावरच चालतो.

तरी बँडसॉ वाया गेला असं कुणी म्हणू नये. बिल्डिंगमध्ये त्याला मान आहे. समोरच्यांच्या देव्हाऱ्याची पट्टी त्याच्यावर कापली गेली. नातवाच्या शाळेचा धरणाचा प्रकल्प झाला, दोन पाट झाले, आणि एकदा कोकणातून आलेला फणस. फणस फार सुरेख कापला गेला, अगदी काटकोनात. पण चीक पात्याला आणि दोन्ही चाकांच्या रबराला बसला, आणि काकूंनी खोबरेल तेलाची बाटली दिली तेव्हा कुठं तो सुटला. काका म्हणाले, एक एचपी घेतला म्हणून जमलं.

ज्या हत्यारानं आमच्या पंखांना खरा आकार दिला, त्याला मात्र गटात प्रतिष्ठा नाही, कारण त्यात मोटरच नाही. थर्माकोलसारख्या फोमचा पंख कापायला लाकडी धनुष्याला ताणून बांधलेली नायक्रोमची तार लागते. तिच्यातून वीज सोडली की ती तापते आणि फोम लोण्यातून सुरी जावी तसा कापला जातो. आपल्याकडे हे काम पूर्वी गणपतीची मखरं करणारे कारागीर घरोघर करत. २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिकबरोबर थर्माकोलवर बंदी आली आणि त्यांचं ते काम बसलं. त्यांच्यातलेच एक जण आम्हाला शिकवायला आले. पंखाच्या छेदाचा पत्र्याचा साचा त्यांनी फोमच्या दोन्ही टोकांना लावला, बोटावर थुंकी घेऊन तार तापली का पाहिलं आणि आम्हाला दम दिला, "थांबायचं नाही. थांबलात की खड्डा." मग मुळाकडचा मोठा साचा आणि टोकाकडचा लहान साचा एकाच वेळी संपेल अशा बेतानं त्यांनी तार ओढत नेली. एक हात झपझप, दुसरा सावकाश, तोंडानं आकडे मोजत. वरचा फोम उचलला तेव्हा खाली मीटरभर पंख तयार होता. काठाला हात फिरवून ते म्हणाले, "छान आहे. टोकाला महिरप करू का?"

फासळ्यांचा तर आता प्रश्नच मिटलाय. त्या लेझरवर कापून मिळतात. लग्नपत्रिका आणि नावाच्या पाट्या करणाऱ्या दुकानात फाइल पाठवायची, संध्याकाळी गठ्ठा घेऊन यायचा, कडा खरपूस भाजलेल्या, एकूण एक फासळी सारखी. एकदा आमच्या गठ्ठ्यात एक 'शुभविवाह' आला होता. मोजून बघितला तर जाडी अगदी बरोबर होती.

एवढं सगळं झाल्यावर ग्लायडर जुळतो, आणि मग त्याचा तोल बघायचा असतो. पंखाच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांशावर दोन बोटं टेकवली, की विमान आडवं राहायला हवं. ते राहत नाही. शेपूट खाली जाते, कारण शेपूट लांब आणि नाक आखूड. ज्या माणसानं महिनाभर फासळ्यांना भोकं पाडून चार ग्रॅम वाचवलेले असतात, तोच मग गळाला लावायचं शिसं आणून नाकात कोंबतो. पन्नास ग्रॅम, साठ ग्रॅम, पडेल ते. हे शिसं हातोडीनं ठोकून चपटं करतात. त्यासाठी अजून कुणी यंत्र आणलेलं नाही, पण मी काकांना हायड्रॉलिक प्रेसचं पान उघडून बसलेलं पाहिलंय.

उडवायला आम्ही टेकडीवर जातो. वारा उताराला धडकून वर चढतो, त्यावर ग्लायडर तासन्‌तास तरंगू शकतो. आमचे मिनिटं-दोन मिनिटं तरंगतात. गेल्या रविवारी संगणकवाल्याचा ग्लायडर छान वर गेला, वळला, आणि उंचावरच्या बाभळीत जाऊन बसला. आम्ही सगळे खाली गोळा झालो. आंबे काढायची आकडी कुणाकडे आहे का, असं मी विचारलं. दंतवैद्यांनी चपला काढून खोडाला हात लावला, काटे बघितले आणि चपला परत घातल्या.

"लांब दांड्याची बॅटरीवरची करवत मिळते," काका म्हणाले. "फांद्या छाटायची. दांडा दहा फुटांपर्यंत वाढतो."

"जागा वनखात्याची आहे काका, फांदी तोडता येणार नाही," मी म्हणालो.

"तोडायची कोण म्हणतंय? तिच्या टोकानं ढोसायचं."

संगणकवाल्यानं मान वर करून ग्लायडरकडे बघितलं, मग खिशातून फोन काढला.

"अठरा व्होल्टची घ्यायची का छत्तीसची?" त्यानं विचारलं, आणि नवा रकाना उघडला.